लखमीच्या नावापुढचा एक

आधी एक कबुली देऊन टाकतो. या सदरातल्या अनुभवांखाली "वायरिंग तपासून घ्या" अशी कमेंट टाकणारा जो खडूस माणूस आहे, तो मीच. चार वर्षं इथे येतोय ते फक्त भांडायला. कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाचा पंखा आपोआप फिरला... माझं ठरलेलं उत्तर — अर्थिंग बघा, झोप पुरी करा. देव मानत नाही असं नाही, पण देवाकडेही लॉग, म्हणजे मशीनमधल्या नोंदी, मागेन असा माझा स्वभाव. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे हसणार. हसा. मी तरी कुठे कुणाला सोडलंय.

मी डहाणूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं सगळं बघतो. वय चौपन्न. आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, एक डहाणूच्या मोठ्या इमारतीत आणि दुसरा तलासरीच्या छोट्या केंद्रात. दोघांची जोडी लावलेली आहे. डहाणूचा पडला की त्याच्यावरची कामं तलासरीचा उचलतो, पेशंटला सहसा पत्ताही लागत नाही. याला फेलओव्हर म्हणतात, पण आमच्याकडे सगळे 'बदली' म्हणतात. नर्स रजेवर गेली की तिच्या जागी बदली येते, तसंच. "दादा, आज बदली झाली काय?" असं रिसेप्शनवरून विचारतात. मलाही तोच शब्द आवडतो.

सर्व्हरवर केसपेपर, लॅबचे रिपोर्ट अशी मोठी कामं चालतात, आणि एक छोटं काम — गोळीचा फोन. टीबीच्या पेशंटला सहा महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि लोक गोळ्या सोडतात. मग आजार उलटतो, आणि त्या वेळी तो त्याच गोळ्यांना दाद देईलच असं नाही. म्हणून रोज दुपारी चारला मशीन एकेकाला फोन लावतं. गोळी घेतली असेल तर पेशंटने एक दाबायचा, की त्याच्या नावापुढे १ पडतो. नाही पडला तर मशीन ते नाव कुसुम सिस्टरांना पाठवतं, आणि त्या दुसऱ्या दिवशी त्याच्या पाड्यावर हजर. कुसुम सिस्टर तलासरीच्या केंद्रात टीबीची यादी सांभाळतात, त्या भागातल्याच आहेत, आणि त्यांच्यापुढे डॉक्टरही जरा जपून बोलतात.

त्या फोनमधला आवाज माझा आहे. बाहेरून कुणाला आणायचं, म्हणून मीच रेकॉर्ड केला होता. पहिल्यांदा मी आपलं शुद्ध मराठीत, "नमस्कार, आपण आजची गोळी घेतली आहे का, कृपया एक हा अंक दाबावा" असं केलं. कुसुम सिस्टर पोट धरून हसल्या.

"दादा, हा बँकेचा फोन वाटतो. कट करतील. आमच्याकडे आपण-तुम्ही कुणी करत नाही. बापालापन तू आणि कलेक्टरलापन तू."

मग दुसऱ्यांदा केलं. "मी बोलतोय. आजची गोळी घेतलीस का? घेतली असशील तर एक दाब. नसशील तर आता घे, मी थांबतो." एकोणीस सेकंद. एवढंसं वाक्य, पण जमायला अर्धा दिवस गेला, कारण 'तू' म्हणताना माझा आवाज अडकायचा. सुनंदा, माझी बायको, त्याच्या दीड महिना आधी गेली होती. मुलगी पुण्याला, तिलाही मी लाडाने तुम्ही म्हणतो. तू म्हणायचं माणूसच घरात उरलं नव्हतं. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, सर्दी झाल्याचं सांगून वेळ मारून नेली.

आता मूळ गोष्ट. गेल्या पावसाळ्यानंतर हा गोळीचा फोन सारखा अडकायला लागला. तो केसपेपरच्याच गटात बसवलेला होता. त्यामुळे हे एवढंसं काम अडकलं की सर्व्हरला वाटायचं सगळा गटच आजारी आहे, आणि तो सगळं उचलून तलासरीला पाठवायचा. त्यात दहा मिनिटं केसपेपर बंद. खिडकीवर रांग, पोरं रडतायत, आणि रिसेप्शनवरची बाई माझ्याकडे अशी बघायची की मीच वायर उपटली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी मुंबईच्या सपोर्टवाल्याला फोन लावला.

"सर, ते फोनवालं काम क्रिटिकल आहे का?"

"नाही," मी म्हटलं. सहज म्हटलं, नखं कापता कापता.

"मग त्याची बदली बंद करून टाका. पडलं तर एकटं पडेल, बाकीच्यांना ओढणार नाही."

मी सेटिंगमध्ये जाऊन टिक काढली. दोन सेकंदांचं काम. मोठी कामं शांत चालायला लागली, रांगा संपल्या, आणि मी स्वतःवर खूश झालो. गोळीचा फोन दुसऱ्याच दिवशी पडला आणि एकटाच पडून राहिला. मला मेल यायची ती फक्त बदली झाली की. बदलीच बंद, मग मेल कुठली येणार? सतरा दिवस मला कळलंसुद्धा नाही. करायला गेलो गणपती आणि झालं माकड.

कळलं ते कुसुम सिस्टरांमुळे. सकाळीच फोन. "दादा, गोळीचे फोन बंद केलेत काय? मला वाटलं सगळे नीट घेतायत, म्हणून माझ्याकडे कुणाचं नाव येत नाही. काल चिंचणीचा एक जण केंद्रात आला, पंधरा दिवसांपासून गोळी नाय. बोलला, फोन आला नाय म्हणून वाटलं संपल्या."

मी यादी उघडली. सतरा दिवसांचे रकाने रिकामे असायला हवे होते, कारण ते भरणारं कामच मेलेलं होतं. ते रिकामे होतेच, एकोणचाळीस नावांपुढे काहीही नाही. फक्त एका नावापुढे रोज, न चुकता, १. वेळ कधी चार दहा, कधी चार बारा. नाव लखमी, गाव रानशेत.

तुम्ही म्हणाल, तलासरीच्या सर्व्हरने उचललं असेल. मीही तेच म्हटलं. तपासलं. बदली बंदच होती आणि तलासरीच्या लॉगमध्ये हे काम एकदाही सुरू झालेलं नव्हतं. फोन लावणारी यंत्रं दोन्हीकडे एकेक आहेत, त्यांच्या सिमवरून गेलेल्या कॉलची यादी कंपनीकडून मागवली. सतरा दिवसांत एकही कॉल नाही. कुणी हाताने आकडे भरले असतील म्हणून पासवर्ड बघितले... ते माझ्या एकट्याकडे आहेत. दुपारपर्यंत माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाई आहे तरी का बघून येऊ. आणि असेल तर तिने सतरा दिवस गोळ्या घेतल्यात की नाही, ते माझ्याच मानेवर.

स्कूटर काढली. आशागड मागे टाकलं, विचारत विचारत पाड्यावर पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण, आणि अंगणात एक बाई मोहाच्या पानांच्या पत्रावळ्या लावत बसलेली. साठीच्या आसपासची, अंगाने काडी, पण नजर खणखणीत.

"तू कोन?" तिने विचारलं.

"हॉस्पिटलातून आलोय. तुमच्या गोळ्या बघायला."

ती आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकावर एक, दोऱ्याने बांधलेली. मी मोजली. एकही दिवस चुकलेला नव्हता. मी तिथेच मटकन बसलो, इतकं हलकं वाटलं. घरात दुसरं कुणी दिसेना. मुलगा-सून वापीला कंपनीत, दिवाळीला येतात असं ती म्हणाली. शेजारचं घर बंद, तीही माणसं कामाला बाहेर.

"गोळीची आठवण कोण करून देतं?"

"फोन येतो ना. चारला."

"फोन बघू?"

तिने कनवटीचा बटनवाला फोन काढून दिला. मी मागचं झाकण उघडलं. आत सिम नव्हतं.

"सिम सुनेनं काढून नेलं, पावसाच्या आधी," ती म्हणाली. "मला हा बॅटरीला ठेवलाय. रातचं बाहेर जायला उजेड पडतो."

पावसाच्या आधी. म्हणजे सतरा दिवसांचा प्रश्नच नव्हता, कित्येक महिन्यांचा होता. मी झाकण लावलं आणि तिला फोन परत दिला.

चार वाजून गेले. मी घड्याळाकडे बघत बसलेलो. फोन वाजला नाही, थरथरला नाही, स्क्रीनसुद्धा लागली नाही. पण तिने पानं बाजूला सारली, हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"हां बोल... घेतली ना. जेवून घेतली... नाय, आज भाजी नाय, नुसती भाकर आणि चटनी." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. मध्येच हसली. "अरे, एक मानूस आलाय इथं. तुझ्यासारखाच बोलतो." पुन्हा ऐकलं. माझ्याकडे नीट बघितलं. शेवटी फोन कानावरून काढून तिने बोटाने एक दाबला आणि फोन कनवटीला खोवला. भाकरी भाजून होईल एवढा वेळ हे चाललं होतं. माझं रेकॉर्डिंग एकोणीस सेकंदांचं आहे.

"काय बोलतो तो?" मी विचारलं.

"कायपन. समिंदराचं सांगतो, त्याच्या घराचं सांगतो. एकटा आहे तो, माझ्यावानीच." ती पुन्हा पत्रावळ लावायला लागली. "बायको मेली त्याची. मरायच्या दिवशी तिचा फोन आलता, यानं कट केला. मिटिंगमधी होता. मंग तिनं लिहून विचारलं, मासळी कोनती आनू. त्याचंपन उत्तर नाय दिलं. संध्याकाळी ती गेली. पोरीला त्यानं खोटं सांगितलं, की आईचा फोन आलाच नव्हता. म्हनून आता रोज फोन करतो, कुनी उचलो नाय उचलो."

मंडळी, हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. "ओले बोंबील आणू की बांगडे" हा मेसेज माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे, आणि तो माझ्याशिवाय जगात कुणी बघितलेला नाही. मुलीने विचारलं होतं, आईने शेवटी फोन केला होता का? मी नाही म्हटलं. भ्यालो होतो, दुसरं कारण नाही. आणि रानशेतच्या एका पाड्यावर, मला कधीच न बघितलेली बाई पानाला काडी टोचता टोचता मला ते सांगत होती. रागही नव्हता तिच्या बोलण्यात, दयाही नव्हती.

परत आल्यावर यादी उघडली. चार अकरा. १.

आता पुढचं मी टाळू शकत नव्हतो. बाकी एकोणचाळीस माणसं होती, त्यातल्या तिघांनी गोळ्या सोडल्या होत्या आणि चिंचणीवाला पुन्हा खोकत होता. सपोर्टवाल्याला फोन लावून गोळीचा फोन केसपेपरच्या गटातून काढला, त्याला स्वतःचा गट दिला, आणि त्याची बदली चालू केली.

"सर, क्रिटिकल नाही म्हणाला होतात ना?"

"चुकलो होतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चारला फोन गेले. एकापाठोपाठ एक, नावांपुढे १ पडायला लागले. चिंचणीवाल्याचाही पडला. लखमीच्या नावापुढे 'लागला नाही' असं आलं. बरोबरच होतं, फोनमध्ये सिम नाही तर लागणार कसा? तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

मी हट्टी माणूस आहे. एका दुपारी मी ते काम मुद्दाम बंद केलं, बदलीची टिकही काढली, सगळं अगदी पहिल्यासारखं केलं. त्या दिवशी चाळीस जणांपैकी एकोणचाळीस जणांना मी स्वतः फोन केले, घसा बसला. पण चार वाजता, साडेचारला, पाचला... लखमीचा रकाना रिकामाच. पुन्हा सगळं चालू केलं आणि घरी जायच्या ऐवजी सर्व्हर रूममध्येच बसून राहिलो. माझं काहीतरी मीच बंद केलंय असं वाटत होतं, आणि काय ते सांगता येत नव्हतं. त्या खोलीतल्या घरघरीत मी बराच वेळ रडलो, ते लिहायला आता हरकत नाही.

कुसुम सिस्टरांनी तिला नवं सिम मिळवून दिलं. मीच नेऊन घातलं. चारला फोन खरोखर वाजला, माझा आवाज आला, "मी बोलतोय. आजची गोळी घेतलीस का?" तिने शेवटपर्यंत ऐकलं, एक दाबला, आणि फोन खाली ठेवला.

"हा तो नाय," ती म्हणाली. "हा एकच गोष्ट बोलतो."

गोळ्या मात्र तिने पुऱ्या केल्या. थुंकीची तपासणी स्वच्छ आली, कुसुम सिस्टरांनी पेढा वाटला आणि नियमाप्रमाणे लखमीचं नाव यादीतून काढलं. कोर्स संपला की फोनही संपतो.

मी अजूनही सदरातला खडूसच आहे. ते सगळे १ मी कागदावर काढून ठेवलेत. ते कुणी टाकले, सिम नसलेल्या फोनवर कोण बोलत होतं, सुनंदाचा मेसेज त्या पाड्यावर कसा पोचला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सपोर्टवाल्याने बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, सोडून दिलं. तुमच्यापैकी कुणी "वायरिंग तपासा" म्हणालात तर म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही. तपासली आहे.

रविवारी मी रानशेतला जातो. सुकी मासळी नेतो, ती पत्रावळ्या देते, मी त्या कॅन्टीनला देतो. पहिले काही रविवार मी नुसता बसायचो, तुम्ही-तुम्ही करत, हवापाण्याचं विचारत. परवाच्या रविवारी म्हटलं, पुरे झालं. त्या आधीच्या दिवशी मी मुलीला फोन करून खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबा, जेवून घ्या." तेवढ्याने अंगात बळ आलं होतं.

लखमीच्या अंगणात बसून मी सगळं सांगितलं. सुनंदाचा फोन, मिटिंग, बोंबील की बांगडे, मुलीशी खोटं बोललो ते, घरी गेल्यावर टीव्ही लावून ठेवतो तेही. "लखमी, तुला म्हणून सांगतो," असं म्हटलं. तू म्हटलं. अडकलो नाही.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्यानं सांगितलंय."

"लखमी, तो मीच—"

"तू गप रे जरा." तिने हात पुसले आणि कनवटीचा फोन काढून कानाला लावला. "चार वाजले. त्याचा फोन यील, मंग तुझ्या बोलन्यात ऐकू येनार नाय."

मीही वाट बघत बसलो.